बारा पाहुण्यांचं नाटक

रविवार, ३ ऑक्टोबर १९२६, सकाळ
काल थिएटरच्या वाचन-कमिटीसमोर माझं नाटक वाचलं. पाच अंक, एक मेजवानी, बारा पाहुणे. यजमानाचा रोल अर्थात माझा. निकाल : ‘दुरुस्त्यांसह मंजूर.’ माझा स्टेजवरचा जुना जोडीदार ओक्ताव म्हणतो, आपल्या धंद्यात याला सभ्य नकार म्हणतात. वीस वर्षं स्टेजवर माझ्या लाथा खाल्ल्या त्याने, जळणारच! सात वर्षांनी पुन्हा स्टेज. पॅरिस वाट पाहतंय.

मंगळवार, ५
मॅनेजर गोदफ्रुआ म्हणाले, अहो, बारा पाहुणे स्टेजवर चढवले तर समोर बसायला कोण उरणार? माणूस गमत्या आहे. सहा पाहुणे उडवले. नाटक चपळ झालं. उद्यापासून व्यायाम.

गुरुवार, १४
व्यायाम सोमवारपासून. आज नुसती खुर्चीवरून पडायची प्रॅक्टिस केली. या पडण्यावर एकेकाळी अख्खं थिएटर लोळायचं. आवाज ऐकून इमारतीची दारवान मादाम पिशों स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत. म्हणाली, मला वाटलं गेलात! मी उठून बसलो तर जरा हिरमुसलीच.

शनिवार, २३
जेर्मेनचं उत्तर आलं. अकरा वर्षं स्टेजवर माझी बायको होती, म्हणून बायकोचा रोल तिच्यासाठीच लिहिला होता. लिहिते, नातवंडांतून सवड नाही, आणि तू अजून समोरच्याचं वाक्य मध्येच तोडतोस का रे? बायको काढून टाकली. यजमान सडाफटिंगच शोभतो.

रविवार, ३१
ओक्तावला जेवायला बोलावलं होतं. ससा शिजवला, मोहरीचा रस्सा केला. दोन वाजता निरोप : मेहुणीकडे अचानक जावं लागलं. त्याला मेहुणी नाही. ससा एकट्याने खाल्ला. संध्याकाळी त्याच्यासाठी लिहिलेला पाहुण्याचा रोल कापला. सूड वगैरे नाही, रचनेची गरज.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर
पाहुणे एकेक करत सगळे गेले. आता एकच अंक, एकच नट. माणूस टेबल मांडतो, ग्लास पुसतो, जिन्यात पाऊल वाजलं की टाय सारखा करतो. पाऊल वरच्या मजल्यावर निघून जातं. तीन दिवसांत लिहून झालं, काही रचावंच लागलं नाही. लोक हसून हसून बेजार होणार.

बुधवार, २४
कमिटीपुढे वाचलं. कोणी हसलं नाही, म्हणजे मन लावून ऐकत होते. गोदफ्रुआंनी बाहेर येऊन खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, इसिदोर, झकास आहे, पण पटत नाही हो. इतका एकटा कोणी असतो का? शेवटी कोणीतरी येऊ द्या, दोन मिनिटं का होईना. तेवढं करा, जानेवारीत लावतो, रोल तुमचाच. शनिवारपर्यंत मुदत. एका माणसाचा तर प्रश्न! उद्या सकाळीच उरकतो.

शनिवार, २७, दुपारी चार
‘दारावर टकटक. यजमान धावत जाऊन दार उघडतो. दारात...’ तीन दिवस इथेच अडलोय. जेर्मेनला उभं करून पाहिलं, ओक्तावला पाहिलं. दोघं उंबऱ्यावर नुसते उभे. आत येऊन माझ्याशी काय बोलतील, ते ऐकूच येईना. सहा वाजता थिएटरचं ऑफिस बंद होतं. गोदफ्रुआंना चिठ्ठी लिहिली : दुरुस्ती जमली नाही. खरंच कोणी येत नाही, साहेब.