पडद्याच्या मागून

ता. ४ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

फोनवर तुझं बोलणं अजून जड लागतं, आणि मी दोनदा ‘काय?’ म्हटलं की तू फोन आपटतोस. म्हणून पत्र. उत्तर तू सांग, वहिनी लिहील. तिचं अक्षर तरी माणसासारखं आहे.

तू सलून विकतोयस म्हणे. महिनाअखेरीला किल्ली देणार. का, तर अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला. डॉक्टर व्यायाम सांगतात आणि तू भिंतीकडे तोंड करून पडतोस. मग डावा हात काय शोभेला ठेवलाय? मी जन्मभर डाव्या हाताने कापड कापलं. मास्तरांनी पट्ट्या मारल्या, आईने हात कमरेला बांधून ठेवला, तरी कापलं. कुणाच्या जिवावर? उडाणटप्पूच्या!

आठवतो ना? अंतराळयानाचे ते तीन सिनेमे. आई थिएटर झाडायची म्हणून आपल्याला फुकट. यान उडवणाऱ्याला उडाणटप्पू हे नाव आईनेच ठेवलं, घरदार सोडून हिंडतो म्हणून. तो सगळं डाव्या हाताने करायचा, माझ्यासारखं. तिसऱ्यात तर त्याचा उजवा हात गोठून लाकूड होतो, आणि पठ्ठ्या एकट्या डाव्या हाताने यान खाली आणतो.

तेच तिन्ही तुझ्याकडच्या जुन्या हॉलमध्ये परत लागतायत, दर रविवारी एक. माझ्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं. ऊठ, अंघोळ कर, बघून ये. मग किल्ली कुणाला द्यायची त्याला दे.

लोभ आहेच, पण आळशी माणसावर किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

तुझी,
आक्का


ता. १२ सप्टेंबर

ती. आक्कास,
नमस्कार वि. वि.

मी सांगतोय, ही लिहितेय.

पहिला बघितला. तुझ्या पत्रापेक्षा तो बरा म्हणून गेलो. खुर्च्या लोखंडी, पडदा म्हणजे ताणलेली चादर. लहानपणी ज्या ग्रहाला भ्यायलो तो चक्क प्लास्टरचा आहे, पोपडे दिसतात. यानाला दोरी बांधलेली दिसते. यंत्रमानव तर आपल्या पाण्याच्या बंबाला पाय फुटल्यासारखा. तरी यानाचं दार बंद होतं तेव्हा डोळे मिटलेच.

पण आक्का, उडाणटप्पू उजव्या हाताचा आहे. नीट बघितलं. दांडा उजव्या हातात, सहीसुद्धा उजव्या हाताने. तू चुकतेस.

सौदा ठरल्यासारखाच आहे. मला आता झोपू दे.

आपला,
धाकटा

(आक्का, हे माझं. हॉलपासून घरापर्यंत हे भांडत आले, उजवा की डावा म्हणून. दोन महिन्यांत पहिल्यांदा भांडले. पुढच्या रविवारीही धाडते. – वहिनी)


ता. १७ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुला डावं-उजवं कधी कळलंय? शाळेत जाईपर्यंत चपला उलट्या घालायचास.

तू बसायचास पुढे, ऐटीत, खुर्चीवर. आणि मला आईने उभं केलेलं पडद्याच्या मागे, मागच्या दाराशी, फुकटे आत शिरू नयेत म्हणून. तिन्ही सिनेमे मी तिथून बघितले, किती खेळ ते मोजले नाहीत. कापड पातळ होतं, सगळं स्वच्छ दिसायचं. तू तोंड चालवत होतास, मी बघत होते. तेव्हा मला शिकवू नकोस.

तिसरा बघितल्याशिवाय किल्ली देऊ नकोस. इथे माझं कामात लक्ष नाही. पोस्टमन दिसला की मशीन सोडून दारात जाते आणि तो शेजारच्यांचं बिल टाकून पुढे जातो.

राग मानू नकोस. मानलास तर खुर्चीत बसून मान, पडून नको.

तुझी,
आक्का


ता. २७ सप्टेंबर

ती. आक्कास,
नमस्कार वि. वि.

तिसरा झाला.

त्याचा डावा हात गोठतो, आक्का. डावा. यान तो उजव्याच हाताने उतरवतो, ज्या हाताने आयुष्यभर उडवलं त्याच. त्यात कसली मर्दुमकी? चांगला हात शाबूत असला की मीही उतरवीन. मी अंधारात बसून वाट बघत होतो की आता डावा हात पुढे करेल, आता करेल. अख्ख्या हॉलमध्ये मी एकटाच रडलो असेन, आणि तेही भलत्याच कारणासाठी.

तुला दोष देत नाही. पण आता सोड मला. परवा सलून रिकामं करायला जातो.

आपला,
धाकटा


ता. १ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस कात्री नुसती उचलते आणि ठेवते. एका कोटाची बाही उलटी जोडली. गिऱ्हाईक हसलं, मला हसू आलं नाही.

मास्तर मारायचे तेव्हा मी मनात म्हणायचे, यान उडवणारा डावरा चालतो, मग मी का नाही? त्याच हट्टावर सगळं केलं. आणि आता तू सांगतोस की तो तसा नव्हताच. मग मला कुणी शिकवलं रे?

तुला खोटं सांगितलं नाही. जे दिसलं तेच सांगितलं. आता उपदेश करणार नाही, माझंच काही खरं नाही. फक्त किल्ली दिलीस की नाही तेवढं कळव. एका ओळीत कळव, पण कळव. घरात येरझाऱ्या घालून गुडघे बोलायला लागलेत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आक्का


ता. ६ ऑक्टोबर

ती. आक्कास,
नमस्कार.

हे मी लिहितोय. डाव्या हाताने. हसू नकोस.

सलून आवरायला गेलो. थकून खुर्चीत बसलो. समोर आरसा. केस पिंजारलेले, म्हणून डाव्या हाताने कंगवा घेतला. आरशातल्या माणसाचा उजवा हात हलला. माझा मेलेला हात, कंगवा फिरवत होता. खूप वेळ बघत बसलो.

मग डोक्यात उजेड पडला. तू पडद्याच्या मागे होतीस!

सगळं आयुष्य आरशासमोर गेलं आणि मला कळलं नाही. सिनेमाच्या सुरुवातीची अक्षरंही तुला उलटीच दिसली असणार. पण ती परक्या भाषेतली. तुला ना सुलटी वाचता येत होती, ना उलटी. मलाही नाही.

लोकांनी मागणी केली म्हणून काल तिसरा परत लावला होता. हॉलच्या राखणदाराला म्हटलं, मला पडद्यामागे बसव. त्याला वाटलं, डोक्यावरही परिणाम झालाय. पण बादली उपडी करून दिली.

आक्का, त्याचा उजवा हात गोठला. मग त्याने डावा पुढे केला. आणि यान उतरवलं. मी बघितलं. तू बघितलंस तसंच.

किल्ली दिली नाही. घेणारा चिडलाय, चिडू दे.

राखणदाराने धीर करून मान माझ्यापुढे दिली. कान दोन्ही जागेवर आहेत. पण केस चावल्यासारखे दिसतात, कारण दुकानातली कात्री उजव्या हाताची. डाव्या हातात ती कापत नाही, नुसती चघळते.

तुझी घेऊन ये. आणि चार दिवस राहा. मला आरशासमोर उभं कर आणि शिकव. पट्टी आणलीस तरी चालेल.

लोभ आहे हे ठाऊक आहे. तो घेऊन लवकर ये.

तुझा,
धाकटा

(ही शेजारी बसून नुसती हसतेय. यात तिचा एक शब्द नाही.)