पान एक्कावन्नवरचे चार ठिपके

६ जानेवारी
आठ दिवसांनी पाणी उद्या. म्हणजे वाचायचं ते आजच.

सहावा भाग संपवला. लोणच्याचं दुकान चालवणारी दमयंती, तिच्यावर पहिल्या भागापासून जीव टाकणारा पण तोंडातून अवाक्षर न काढणारा फौजदार, आणि एवढ्याशा गावात दर भागाला एक मुडदा. गावात माणसं उरलीत कशी, देव जाणे. मला फार आवडतं. ह्यांना सांगते, वैचारिक वाचतेय.

पान ५१ वर माझा त्रिकोण काढला. आमच्या वाचनालयात सगळ्या म्हाताऱ्यांची हजेरी याच पानावर. खूण दिसली की पुस्तक वाचलेलं, परत ठेवायचं. नाहीतर तेच पुस्तक तीनदा घरी येतं.

माझ्या आधी तिथं चार ठिपके. सलग चौथ्या पुस्तकात! शिवाय पान ३० च्या समासात पेन्सिलीनं: 'पोस्टमन नव्हे. बाईच आहे.' शेवटी बाईच निघाली. मला शेवटच्या पानापर्यंत पोस्टमनच वाटत होता.

७ जानेवारी
पाणी पहाटे साडेपाचला. प्रेशर नाही. टाकी, पिंप, घागरी, शेवटी कुकरसुद्धा भरला. कंबर गेली.

भिंतीपलीकडं मंदाची बादल्यांची आदळआपट. सख्खी धाकटी जाऊ. घरं जुळी, मागच्या अंगणात डोक्याहून जरा उंच अशी एकच भिंत, आणि सहा वर्षं बोलणं बंद. कारण काय, तर नणंदेच्या मुलीच्या लग्नातलं येसर, आमटीचा भाजका मसाला. भाजायला मंदा होती. आमटी करपट लागली आणि मी व्याह्यांकडच्या बायकांसमोर म्हणाले, "कुणी भाजलंय गं हे?" झालं.

भाऊ-भाऊ मात्र रोज एकमेकांकडं चहा पितात. पुरुषांना लाज नसते.

८ जानेवारी
वाचनालय. सातवा भाग आजच सकाळी परत आलेला. उघडला, ५१ वर चार ठिपके.

ग्रंथपाल शकीलभाईंना विचारलं, कोण हो हे ठिपकेवाले?
"मॅडम, रजिस्टर कुणालाच दाखवत नाय मी. उसूल आहे."
"अहो, नुसतं नाव."
"नाव म्हणजेच तर रजिस्टर." पंख्याखाली बसून पुन्हा बाइंडिंग करायला लागले.

९ जानेवारी
मीही काही कमी नाही. जुन्या पुस्तकांवरच्या परतीच्या तारखा बघून आले होते, कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. ठिपकेवाल्यांची पुस्तकं दर वेळी पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी परत! म्हणजे त्यांचं पाणी आमच्याच दिवशी येतं. म्हणजे आमचीच लाइन!! दमयंतीला जमलं नसतं.

आमच्या लाइनीत वाचणारा माणूस एकच. गायके सर. गणिताचे, निवृत्त, एकटे. कापडी पिशवी घेऊन फिरतात. अक्षर नक्कीच सुबक असणार.

ह्यांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नाहीच म्हणा.

११ जानेवारी
वेणी नीट घातली, चांगली साडी नेसले (सहजच), आणि गायके सरांना कोपऱ्यावर गाठलं.
"सर, चार ठिपके तुमचेच ना?"
सरांनी आधी स्वतःचा शर्ट पाहिला. मग पिशवी उघडून दाखवली. आत बोरं. "फुलंब्रीहून आलीत, घ्या चार. कादंबऱ्या-बिदंबऱ्या आपण नाय वाचत बुवा."

मग मीच लाज झाकायला अर्धा तास मालिकेची कथा सांगितली. त्यांना लई इंटरेस्ट आला म्हणे. बोरं आंबट होती.

१४ जानेवारी
संक्रांत. मंदाचा तिळगूळ दर वर्षीसारखा ह्यांच्या हातून आला, माझा ह्यांच्याच हातून गेला. 'गोड बोला' हेसुद्धा हेच दोन्हीकडं म्हणून येतात. पोस्ट खातं.

दुपारी सातवा भाग. दमयंती लग्नघरी मसाला भाजत असते तो प्रसंग. समासात तीच पेन्सिल:
'मंद आचेवर भाजावा. दुसऱ्या कुणाला गॅसला हात लावू देऊ नये. अनुभव.'

दोनदा वाचलं. तिळगूळ तोंडातच राहिला.

मंदा.

जावा होऊन अठ्ठावीस वर्षं झाली, तिचं अक्षर मी कधी पाहिलंच नाही. सगळं तोंडी चालायचं, आणि नंतर तेही नाही. ती वाचते हेसुद्धा मला माहीत नव्हतं. ती सकाळी जात असणार, मी संध्याकाळी. आणि मी इकडं गायके सरांसाठी वेणी घालतेय!

आता इथं लिहूनच टाकते, ही वही कोण वाचतंय. त्या दिवशी पंगत बसायला आली म्हणून मीच जाता जाता गॅस मोठा केला होता. करपलं ते माझ्यामुळं. आणि वर चारचौघांत विचारलं, कुणी भाजलंय. सहा वर्षं मी रुसल्यासारखं केलं, खरं तर मला तोंड दाखवायची लाज वाटते.

१५ जानेवारी
पाणी. भिंतीपलीकडं ती खोकत होती. 'आलं घे' म्हणायला तोंड उघडलं, मिटलं.

समोरासमोर जमणार नाही. सातव्या भागात पान ५१ वर, तिच्या ठिपक्यांखाली लिहिलं: 'गॅस मी मोठा केला होता.' माझा त्रिकोण काढला. सहा वर्षांत एवढं हलकं वाटलं नव्हतं. पुस्तक देऊन आले.

१८ जानेवारी
भाजी फोडणीला टाकताना लक्षात आलं. तिचे ठिपके आहेत त्या पुस्तकात! तिनं ते वाचलंय! ५१ उघडून ठिपके बघेल आणि परत ठेवेल. मुळात उघडेलच कशाला? पत्र लिहिलं आणि पेटी चुकली. दोन्ही मुलांना मी गणित शिकवलं, असं लोकांना सांगू नये.

गॅस बंद करून रिक्षानं वाचनालय. सातवा भाग गेलेला. कुणी नेला?
"उसूल, मॅडम."

२० जानेवारी
कुणी नेला ते कळलं. गायके सर गेटवर, हातात पुस्तक, चेहरा उजळलेला.
"ताई, मालिका भारी हाय. पण कुणीतरी आगाऊपणा केलाय बघा. खुनी ५१ व्या पानावरच सांगून टाकलाय. गॅस मोठा केला म्हणे! मी धरून बसलो, कुणीतरी स्फोटात मरणार. एकशे ऐंशी पानं झाली, गॅस येतच नाय."
"पुढं येईल," म्हणाले.
"कोण असतील अशी माणसं?"
"असतात एकेक."

२३ जानेवारी
पाणी वेळेवर. आश्चर्य.

संध्याकाळी वाचनालयात नवाकोरा आठवा भाग! शकीलभाईंनी कव्हर घालून ठेवला होता, पहिला नंबर माझा. मुखपृष्ठावर फौजदार गुडघ्यावर बसलाय. अखेर विचारणार वाटतं! पाच महिने वाट पाहतेय.

तिथंच बाकावर बसून पान ५१ काढलं, तेच वाक्य पुन्हा लिहिलं, खाली 'चुकले' असं जोडलं, आणि न वाचता परत दिलं. एक ओळही वाचली नाही. हे लिहिताना अजून जीव तुटतोय.
शकीलभाई: "अरे, झालं पण?"
"पुढचा नंबर कुणाचा?"
"सांगणार नाय." मग चष्म्यावरून बघून: "पण उद्या सकाळी जाईल. सकाळवाल्यांकडं."

२७ जानेवारी
काही नाही. भिंतीपलीकडून बोलण्याचा आवाज येत नाही. वाचत असेल. ह्यांना विचारलं, मंदा काय करतेय. "मला काय माहीत, मी चहा प्यायला जातो." इतकी वर्षं संसार केला या माणसाशी.

१ फेब्रुवारी
काल पाणी येऊन गेलं. म्हणजे आज. दार उघडायच्या आधीच वाचनालयाच्या कोपऱ्यावर उभी, सकाळवाले येऊन गेल्यावर आत. शकीलभाईंनी काही न विचारता पुस्तक पुढं केलं. घरी येईपर्यंत उघडलं नाही.

पान ५१. चार ठिपके. माझ्या वाक्याखाली:
'माहीत आहे. मी तिथंच डाळ निवडत होते, तुम्हाला गॅसला हात लावताना बघितलं, पण आच वाढवली हे करपल्यावर कळलं. तुम्ही कधी बोलता तेच बघत होते.
ता. क. खुनी कंपाउंडर आहे.'

आधी रडले. मग कंपाउंडरचं कळलं आणि संतापले. सहा वर्षांचं एका ओळीत वसूल केलं बाईनं! मग हसायला लागले ते थांबेना. हे बाहेरून विचारतात, "वैचारिक आहे का?"

आता दुपार. भिंतीवरून वास येतोय. धणे, गहू, हरभऱ्याची डाळ. येसर भाजतेय. सहा वर्षांत तिच्याकडून हा वास कधी आला नव्हता.

पण आच मोठी आहे. मला इथं बसून कळतंय. थोड्याच वेळात करपणार. ती असं करणारी नाही, ती मुद्दाम

वास वाढला. पेन ठेवते. स्टूल कुठं आहे