माझं अ‍ॅव्हरेज आणि व्याह्यांची जागा

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

नवीन डायरी. आधी सगळ्यांची विचारपूस, मग बाकीचं. हिचे गुडघे? आज जिना न कण्हता उतरली, म्हणजे बरे असावेत. चिरंजीवांचं पित्त? नोकरी आहे तोवर राहणार. सूनबाईंची सर्दी? गेली. आवाज मोकळा झालाय, सकाळपासून मला दोनदा कळलं. व्याही, म्हणजे सूनबाईंचे वडील? रिटायर झाल्यापासून वजन आणि बोलणं दोन्ही उतरलंय असं सूनबाई म्हणतात. रविवारची मॅच हेच काय ते त्यांचं टॉनिक. आठवडाभर पायजम्यात बसलेला माणूस रविवारी सकाळी सहालाच पॅड घासायला घेतो म्हणे. आणि मी? ठणठणीत. चष्म्याचा नंबर जरा जुना झालाय एवढंच.

संकल्प: यंदा कुणाचं मन दुखवायचं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मॅच जिंकलो. व्याही नेहमीप्रमाणे ओपनिंगला, ११ रन, आऊट. मी नेहमीप्रमाणे अकराव्या नंबरवर, ३ नॉट आऊट.

मॅचनंतर आमच्या पन्नाशीपुढच्यांच्या संघाचा कॅप्टन, पेशाने डेंटिस्ट, मला बाजूला घेऊन गेला. नवा बॉलर मिळालाय, लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत, हात भलताच गोल फिरतो. त्यांना घ्यायचं तर कुणाला तरी बसावं लागेल. मग म्हणाला, "अप्पा, तुमच्यासारखा स्कोअरर शोधून सापडायचा नाही. तुम्ही नुसतं स्कोअरिंगकडे लक्ष दिलंत तर?" केवढी कदर करतो माझी! दात काढतानाही हा असंच गोड बोलतो.

कुणाला बसवायचं हा प्रश्न त्याने माझ्यावर सोपवला असं मी समजतो.

३ फेब्रुवारी, सोमवार

आयुष्यभर लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेचे मीटर वाचले. गिऱ्हाईक कितीही रडलं तरी आकडा रडत नाही. तेव्हा टीमही आकड्यावरच निवडायची.

अ‍ॅव्हरेज म्हणजे एकूण रन भागिले जितक्यांदा आऊट झाला तितके. किती वेळा खेळला ते नाही, किती वेळा आऊट झाला ते. हे मी पेपरातून स्वतः शिकलो, कुणी शिकवलं नाही.

दुपारी सगळ्यांची काढली. व्याही: दहा इनिंग्ज, दहाही वेळा आऊट, १६३ रन. अ‍ॅव्हरेज १६.३०. बॅट्समनमध्ये सगळ्यात खाली.

मग सहज म्हणून माझी काढली. नऊ इनिंग्ज, आठ वेळा नॉट आऊट, ४१ रन. भागिले एक.

एक्केचाळीस!

तीन वेळा केलं. खाली उतरून दुकानातल्या कॅल्क्युलेटरवरही केलं. एक्केचाळीस. डेंटिस्टचं चौतीस. म्हणजे संघातला सर्वोत्तम बॅट्समन इतकी वर्षं अकराव्या नंबरवर कुजत होता आणि त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, तुमची बॅटिंग येते तेव्हा मॅच संपलेली असते. तुम्हाला आऊट करायला थांबणार कोण?" हिला क्रिकेटमधलं काही कळत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तक्ता छापून क्लबच्या दारावर टाचण्यांनी लावला. सगळ्यांना आपापला आकडा आवडला. ज्याने त्याने आपल्या नावाखाली किती जण आहेत ते मोजलं. डेंटिस्ट एकटाच म्हणाला की आकडा एवढाच नसतो. बाकीचे म्हणाले, आकडा म्हणजे आकडा. मत घेतलं. ठरलं: सगळ्यात कमी अ‍ॅव्हरेजवाला बॅट्समन बाहेर, आणि वरच्या अ‍ॅव्हरेजवाल्याने आधी जायचं. डेंटिस्ट माझ्याकडे बघून म्हणाला, "मग करा ओपनिंग, अप्पा." हसत होता. आनंदाने असणार.

व्याह्यांना सांगायचं माझ्याकडे आलं. फोन तीनदा हातात घेतला. शेवटी सूनबाईंना म्हटलं, तुमचा रोजचा फोन होतोच, त्यात जाता जाता सांगा. त्यांनी लगेच विचारलं, "जाता जाता म्हणजे कसं, अप्पा? कसे आहात, जेवलात का, आणि तुम्हाला टीममधून काढलंय, असं?"

तसंच, म्हटलं. फक्त जरा मऊ.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

व्याह्यांचा मला फोन. म्हणाले, "अभिनंदन. ओपनिंगला जाताय म्हणे. सुरुवातीला बाहेरचा बॉल सोडून द्या, हेल्मेट घाला, आणि माझे पॅड तुम्हाला बसतील, पाठवून देतो." एक शब्द तक्रारीचा नाही. चांगले कडाडून भांडले असते तर बरं झालं असतं.

पॅड आले. पांढरेशुभ्र. पट्ट्या नव्याने शिवलेल्या.

दुपारची झोप लागली नाही. हवामान असणार.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला बॉल. दिसला नाही. दुसरा दिसला, पण मागे वळून पाहिलं तेव्हा. स्टंपांच्या पलीकडे होता. शून्य.

असं होतं. मोठमोठ्यांचं होतं.

घरी येऊन अ‍ॅव्हरेज काढलं: ४१ भागिले २. साडेवीस. एका बॉलमध्ये अर्धं! ज्याने हा नियम काढला त्याला कुणी आवरलं कसं नाही? तरी अजून व्याह्यांच्या वर आहे. म्हणजे निर्णय बरोबरच होता.

टीम ६२ ऑल आऊट. डेंटिस्ट ४. योगायोग.

चिरंजीवांनी विचारलं, किती केले? म्हटलं, खेळपट्टीचा अंदाज घेतला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सूनबाई मला आजपासून "अहो अप्पा" म्हणायला लागल्या. आधी नुसतं "अप्पा" होतं. चहा वेळेवर येतो, बशीत एक थेंब सांडलेला नसतो. इतका चोख चहा या घरात मी कधी प्यायलो नाही. घशाखाली उतरत नाही.

हिने सांगितलं की व्याही आता रविवारीही पायजम्यातच असतात. टीव्ही लावतात आणि आवाज बंद ठेवतात. मी म्हटलं, विश्रांती मिळते. हिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात हे पाहणं फक्त दोनदा वाट्याला आलं होतं.

संकल्प: पुढच्या मॅचला पन्नास. पन्नास केले की सगळ्यांची तोंडं आपोआप गप्प होतील. माझंही.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोन. रनआऊट. तिसऱ्यासाठी निघालो होतो, समोरचा "नाही नाही" ओरडत होता. मला वाटलं, अंपायरला ओरडतोय.

४३ भागिले ३. चौदा पूर्णांक तेहतीस.

व्याही १६.३०.

इथे जरा थांबून विचार केला. रनआऊट हा बॅटिंगमधला दोष नाही, धावण्यातला आहे. तो धरला नाही तर ४३ भागिले २, साडेएकवीस. पहिल्या मॅचच्या शून्याच्या वेळी ऊन डोळ्यांवर होतं, तोही वगळला तर पुन्हा भागिले एक, म्हणजे त्रेचाळीस. मी वर गेलोय!

तक्त्यात मात्र १४.३३ च लिहिलं. मीटर वाचताना कधी काटा सरकवला नाही, आता कशाला. पण तक्ता दारावर लावला नाही. टाचण्या संपल्यात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

टाचण्या हिने आणल्या. पूर्ण डबी. न सांगता.

बाजारात समोरून व्याही येताना दिसले. मी झाडूच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने विचारलं, काय हवं? झाडू घेतला. बाहेर आलो तर व्याही दारातच. म्हणाले, "कसं काय, पॅड टोचत नाहीत ना?" मी म्हटलं, नाही नाही, फार आरामाचे आहेत. खरं म्हणजे पॅड टोचायला जेवढा वेळ क्रीजवर राहावं लागतं तेवढा मी राहिलोच नव्हतो.

घरात आता चार झाडू आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज एक रन झाला आणि त्यांचा फास्ट बॉलर पुन्हा धावत येताना दिसला. पोटरीत गोळा आला. म्हणजे येईल असं वाटलं. म्हणून आधीच खाली बसलो. रिटायर्ड हर्ट. दोघांनी धरून बाहेर आणलं. ज्या पायाने लंगडत होतो तो मध्येच बदलला, हे फक्त आमच्या नव्या बॉलरच्या लक्षात आलं. भला माणूस, काही बोलला नाही.

रिटायर्ड हर्ट म्हणजे नॉट आऊट. ४४ भागिले ३, चौदा पूर्णांक सदुसष्ट. वाढलं.

वाढलं, पण लिहिताना पेन हलकं वाटेना.

माझ्यामागून टीम कोसळली. ५१. तिसरी मॅच हरलो. एक्केचाळीसच्या काळात आपण सगळ्या जिंकत होतो असं मी म्हटलं, तेव्हा डेंटिस्टचा चेहरा रूट कॅनॉलच्या वेळी पेशंटचा होतो तसा झाला. म्हणाला, "अप्पा, तुमचे व्याही जायचे तेव्हा बॉल नवा, टणक, बॉलर ताजे. ते अंगावर घ्यायचे, सोडायचे, अडवायचे. आठ-दहा ओव्हर खाऊन सोळा रन करून परत यायचे. तोवर बॉल मऊ आणि बॉलर घामाघूम. मग आम्ही जाऊन चौतीस करायचो. त्या चौतिसातले निम्मे त्यांचे. पण तुमच्या भागाकारात तो रकाना कुठे आहे?"

माझा मेंदू बधिर झाला. त्याची सवयच आहे, आधी बधिर करतो आणि मग उपटतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तक्ता दारावरून स्वतः काढला. नवा लावला नाही. टाचण्या आहेत.

आधीच्या विजयांच्या पुण्याईवर रविवारी फायनल आहे. डेंटिस्टचा फोन: मी आता स्कोअररच. ओपनिंगला व्याह्यांना विचारणार. या खेपेला "कदर" वगैरे काही म्हणाला नाही, त्यामुळे चटकन समजलं.

वाईट वाटलं, पण त्याच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं. चला, एक ओझं उतरलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ओझं कुठलं उतरायला! व्याह्यांनी नकार दिला. डेंटिस्टला म्हणाले, "आमचे व्याही खेळत असतील तर त्यांच्या जोडीला येतो. त्यांना बसवून त्यांच्या जागी मी येणार नाही. नात्यातला माणूस आहे, कसं दिसेल ते?"

कसं दिसेल ते. मला महिनाभरात एकदाही प्रश्न पडला नाही की कसं दिसेल ते.

सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अप्पा, बाबांना तुम्ही स्वतः सांगितलंत तरच ते ऐकतील. माझ्यामार्फत नको आता." नुसतं "अप्पा" म्हणाल्या. चहा बशीत सांडला होता. गटागटा प्यायलो.

फोन उचलला, परत ठेवला. लिहूनच पाठवतो. सूनबाई उद्या सकाळी तिकडे चालल्यात.

पहिला मसुदा: "पाठीच्या जुन्या दुखण्यामुळे मी यंदाची फायनल..." फाडला. पाठ उत्तम आहे.

दुसरा: "तरुणांना संधी मिळावी या विचाराने मी..." व्याही माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत. फाडला.

तिसऱ्यात अ‍ॅव्हरेज कसं काढतात ते समजावून सांगितलं होतं. पाऊण पान. फाडला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी

शेवटी हे पाठवतोय. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे उद्या मी असं लिहिलंच नव्हतं असं मलाच वाटायला नको.

"व्याही, सप्रेम नमस्कार. मला बॅटिंग येत नाही. बॉल दिसतसुद्धा नाही. एक्केचाळीस अ‍ॅव्हरेज होतं कारण मी जायचो तेव्हा मॅच संपत आलेली असायची आणि मला आऊट करण्याची कुणाला गरज नव्हती. गेल्या रविवारी पाय दुखत नव्हता. कॅप्टन मला बसवणार होता, मी भागाकार करून तुम्हाला बसवलं. तुम्ही माझी जागा घेत नाही आहात, ती तुमचीच आहे, मी मध्ये जाऊन बसलो होतो. पॅड सोबत पाठवतोय, फारसे मळलेले नाहीत, कारण सांगायला नको. रविवारी याल ना? मी बाहेर बसून स्कोअर लिहीन, आणि तुम्ही सोडून दिलेला प्रत्येक बॉलसुद्धा मांडून ठेवीन, त्याचं भागिले कशाने करायचं ते अजून मला कळलेलं नाही तरी. टीम उद्या दुपारपर्यंत लावायची आहे. हो की नाही एवढंच का असेना, पण सूनबाईंकडे तोंडी निरोप नको, तुमच्या हाताने दोन ओळी लिहा आणि जरा लवकर लिहा."