धाकट्याच्या पेशींच्या आठ कुप्या

मी, खाली अंगठा उठवणारी, वय एकसष्ट, अविवाहित, प्रयोगशाळेतली निवृत्त तंत्रज्ञ, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दबावाशिवाय ही व्यवस्था लिहून ठेवते. माझे हात चालत नाहीत. मी सांगते, माझी भावजय, धाकट्या भावाची बायको, लिहिते.

१. दोन खोल्यांचं घर भाचीला, भावजयीच्या मुलीला. मागच्या दाराची कडी जरा उचलून लावावी लागते.

२. माझ्या एकोणीस वह्या विभागप्रमुखांना मुळीच देऊ नयेत. माझ्या प्रयोगाखाली त्यांनी स्वतःचं नाव घातलं आणि चहाच्या वेळी माझे आभार मानले.

३. द्रव नायट्रोजनच्या टाकीतल्या आठ कुप्यांत माझ्या धाकट्या भावाच्या पेशी आहेत. पेशीत रायबोसोम नावाचे कण प्रथिनं बनवतात, आरएनएच्या धाग्यावरून सरकत. आम्ही पेशी क्षणात गोठवायचो आणि उघडा धागा विकराकडून, म्हणजे एन्झाइमकडून, तोडून घ्यायचो. रायबोसोमखाली झाकलेले तुकडे तेवढे उरत. ते लाखोंनी वाचले की काम कुठे चालू आहे, कुठे अडलंय, ते कळतं. धाकट्याची बोटं थरथरू लागली, मग स्नायू गळू लागले, तेव्हा मी त्याच्या पेशी वाचल्या. एकाच जागी रायबोसोमांची रांग लागलेली.

"सापडलं का ताई?" त्याने विचारलं.

"कुठे अडतं ते सापडलं."

"मग आता?"

मी वही मिटली. तो म्हणाला, "असू दे. दमलीस तू." चार महिन्यांनी गेला. पुढे मी माझ्याही पेशी वाचल्या. तीच जागा.

४. हा दोष घराण्यात उतरतो. भाचीने दोनदा तपासणीचं विचारलं, दोनदा मी टाळलं. ती आत्ता औषधं आणायला गेली आहे.

"हे नको ना लिहायला," भावजय म्हणते.

"लिही," मी म्हणते. तिने लिहिलं.

कुप्या भाचीच्या. तिने त्या पुन्हा वाचून घ्याव्यात नाहीतर टाकून द्याव्यात. उपाय निघेल म्हणून सांभाळू नयेत. प्रयोगशाळेतल्या एकतीस वर्षांत मला तो सापडला नाही.

ठिकाण: रुग्णालय, तिसरा मजला, खाट सात. मंगळवार, सकाळचे अकरा.

साक्षीदार: १. प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या बाई. २. या मजल्यावरच्या परिचारिका.

अंगठ्याबाबत: भाची परत आली आहे. माझा अंगठा शाईवर तीच धरते आहे. तिची बोटं थरथरतात. "रडू येतंय म्हणून, आत्या," ती म्हणते.

तिचे डोळे कोरडे आहेत.