युवा केंद्र कोणाला

३ नोव्हेंबर, सोमवार
केंद्राच्या दाराला महापालिकेची नोटीस चिकटवलीय. आपलं युवा केंद्र आता एखाद्या संस्थेला रीतसर भाडेकरारावर देणार, अर्ज मागवलेत. इतकी वर्षं गावचं मंडळ नुसत्या शब्दावर चालवतंय. मी रिटायर झाल्यापासून संध्याकाळी तिथं मुलींची कबड्डी घेते, तीही शब्दावरच. म्हटलं बरं झालं, एकदाचा कागद होईल. ह्यांचं मत उलटं. म्हणे रीतसर झालं की आपलं राहत नाही. जन्मभर बँकेत काढलेला माणूस, ह्यांना कशातही काळंबेरं दिसतं.

६ नोव्हेंबर
मंडळाचे अध्यक्ष हरेश्वर नाना घरी आले. अर्ज मी लिहायचा, कारण मी शिक्षिका. पी.टी.ची होते हो, म्हटलं, व्याकरणाची नाही. लिहिला शेवटी. नानांना काडीचं टेन्शन नाही. "आमच्या मिठागराच्या जागेवर उभा हाय तो हॉल. आमाला नाय देनार तर कोनाला?" मी सांगितलं, नाना, असं नसतं. ऐकतात कुठं.
दुसरा अर्ज एका फाउंडेशनचा आहे. कॉम्प्युटर, ब्युटी पार्लर, इंग्लिश स्पीकिंग. माणसं वाईट नाहीत. पण त्यांच्या नकाशात कबड्डीची मॅट कुठंच नाही.

११ नोव्हेंबर
सानिकाची आजची रेड! तिघी पायाला लोंबकळल्या तरी रेघेपर्यंत फरफटत आली नि वर हसतेय. कोपर फुटलेलं. जानेवारीत जिल्ह्याची निवड चाचणी आहे, ही निघणार. निघायलाच पाहिजे.
पण आईची अट पहिल्यापासून एकच. बंद हॉल, गावदेवीसमोरचा, नि बाई हजर. उघड्या मैदानावर हाफ पँटीत पोरगी पाठवणार नाही. वडील तळोज्याला केमिकल कंपनीत, शिफ्ट करून आले की झोपतात, घरात आईचंच चालतं. म्हणजे हॉल गेला की सानिका गेली. बाकीच्याही जातील, पण हिचं मला जास्त लागेल. खोटं कशाला लिहू.

१७ नोव्हेंबर
हॉल कोणाला द्यायचा ते ठरवणारी म.पा.ची समिती गुरुवारी पाहणीला येणार. मुलींना बजावलं, कोणी नटायचं नाही. रोजचा ड्रेस, रोजचा सराव, त्यांना रोजचं दिसू दे. नानांनाही तेच सांगितलं. बरं बरं म्हणाले नि पान थुंकायला उठले.

२० नोव्हेंबर, गुरुवार
डोकं भणभणतंय. झालं तसं लिहून काढते, नाहीतर झोप नाही.
मी पोचले तर हॉल धुऊन काढलेला. मॅटचे सगळे तुकडे उचलून स्टेजमागे. पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या, दारात ही मोठी रांगोळी, शाली, नारळ, ताटात समोसे. मुली कुठायत? घरी. नाना म्हणाले, "सुट्टी दिलीय पोरींना. पाव्हने येनार, मान नको करायला?" मी भांडायला तोंड उघडलं नि बाहेर गाडी लागली.
दारात ओवाळायला ताट घेऊन कोण उभी? सानिका. हिरवी साडी, गजरा, नजर जमिनीत. ब्लाउजच्या बाहीखाली कोपराची खपली दिसत होती.
दोन साहेब नि एक मॅडम. टिळा लावून घेतला, शाली घेतल्या, बसले. मॅडमनी विचारलं, इथं रोज काय चालतं? म्हटलं, कबड्डी, मुलींची. मॅट कुठाय? उचललीय. मुली? घरी पाठवल्यात. मलाच ते ऐकवेना. सानिकाचा दंड धरून पुढे आणली नि सांगितलं, ही आमची रेडर. मॅडम हसल्या. हो का, छान, म्हणाल्या. साडीतली पोरगी, हातात निरांजन. त्यांनी तरी काय समजावं.
गाडी गेल्यावर नाना खूष. असं स्वागत अख्ख्या नवी मुंबईत कोणी केलं नसेल म्हणे. खरंय. कोणीच केलं नसेल.

२१ नोव्हेंबर
मॅट परत टाकली. सराव झाला, झाला म्हणायचा. सानिका दोनदा गेली, दोनदा पकडली गेली. काय बिनसलंय विचारलं तर म्हणाली, काही नाही बाई, काल जास्त वेळ उभी होते.

४ डिसेंबर
निर्णय आला. फाउंडेशन.
म.पा.त जाऊन त्या मॅडमना भेटले. बाई चांगली आहे, बसवून घेतलं, पाणी दिलं. म्हणाल्या, आम्हाला तो समारंभाचा हॉल वाटला, गावकीचा. खुर्च्या, शाली, खाणं. तरुण कोणी दिसलंच नाही. म्हटलं, एक होती ना. त्यांनी फाइलमधून डोकं वर काढलं.
"ती ताटवाली?"
हो म्हटलं. आता बदलता येत नाही, सह्या झाल्या. उठताना मीच त्यांना थँक्यू म्हणाले, का ते मला विचारू नये.

६ डिसेंबर
सकाळी गावात नुसती बोंबाबोंब. मोर्चा काढू, गेट बंद करू. मंडळाच्या ग्रुपवर मला वाचवेना इतके मेसेज.
संध्याकाळी नाना एकटेच घरी आले. चहा पुढे केला, घेतला नाही. मग म्हणाले, मानाचं ते अर्धंच खरं. "पोरी हाफ पँटीवर सायबांच्या समोर उड्या मारनार, ना मी बाजूला शाल घेऊन उभा. मना नाय बघवला असता, बाई."
मला वाटलं जमिनीनं गिळावं. याच माणसानं पहिल्या वर्षी दारोदार फिरून आयांना समजावलं होतं, खेळू द्या पोरींना म्हणून. मॅट याच माणसानं आणली. गावात, दाराआड, सगळं चालत होतं. परक्याची नजर पडणार म्हटल्यावर नाही.
मी ओरडले. वाटेल ते बोलले. वडीलधाऱ्या माणसावर असं कधी ओरडले नव्हते. ह्यांनी उठून खिडक्या लावल्या. नानांनी चपला घातल्या नि गेले. भांडले असते तर बरं झालं असतं.

१२ डिसेंबर
किल्ली दिली. फाउंडेशनकडून प्रियांका नावाची मुलगी आली होती, पंचविशीची असेल, फार अदबीनं बोलते. रविवारी सकाळी आमचे क्लास नाहीत, तेव्हा घ्या तुमची कबड्डी, म्हणाली. उपकारच झाले. टोमणा नाही, मनापासून लिहितेय. आठवड्यातून एक दिवस म्हणजे सराव नव्हे, पण बंद हॉल आहे, गावदेवीसमोर आहे, नि मी हजर आहे. अट तर पुरी होते.
मॅट आमच्या जिन्याखाली रचलीय. सोसायटीच्या सेक्रेटरीचा मेसेज आलाच, हे काय गोडाऊन आहे का. असू दे.

१३ डिसेंबर, शनिवार
घरोघर जाऊन रविवारचं सांगून आले. बहुतेक जणी हो म्हणाल्या. सानिकाकडे शेवटी गेले, मुद्दाम. आईनं दारातच थांबवलं. निर्णय आल्यापासून सराव बंद, पोरगी संध्याकाळी घरातच, म्हणून त्यांनी पुढचा विचार केला.
"उद्या नाय जमायचा, बाई. तिला बघायला पाव्हने येनार हायत."
आत सानिका इस्त्री करत होती. हिरवी साडी, तीच. एकोणीस वर्षांची पोर, चाचणी महिन्यावर आली. तेवढी होऊ द्या, मग बघा पाहुणे, असं मी परोपरीनं सांगितलं. आई म्हणाली, लग्न झाल्यावर खेळंल की. सानिकानं मान वर केली नाही. इस्त्री मात्र एकाच जागी धरून उभी होती. आईनं ओरडून ती उचलायला लावली.
खाली येऊन नानांना फोन लावला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बोललो. आधी माफी मागितली, मग सगळं सांगितलं. तिच्या आईवडिलांशी हे फक्त तेच बोलू शकतात, नि त्या घरात त्यांच्या शब्दाला किंमत आहे. पण सांगायचं काय? पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवा, पोरगी खेळायला जाणार आहे. हे नानांच्या तोंडून निघेल? माझ्या डोळ्यांसमोर येईना.
नाना म्हणाले, जातो.
जाऊन तास झाला असेल. ह्यांनी दोनदा जेवायला हाक मारली. मी गुडघ्याला पट्टा बांधून बघितला, उद्या मॅट टाकायची म्हणजे वाकावं लागणार. नानांचा अजून फोन नाही.