परमानंदला वगळून गेलेली करवंटी

लंबासा, फिजी,
९ ऑगस्ट १९९८

चि. परमानंदास दीदीचा आशीर्वाद. कलावती, मुलं बरी असतील. गुडघे सोडले तर मीही बरी आहे.

तुला एका सकाळचं सांगायचं आहे. त्या सकाळी मी कसाव्याचे कंद उकडायला ठेवले होते, कोंबड्यांना दाणे टाकले होते आणि तुझ्या भाऊजींच्या, मास्टरजींच्या, पायाची पट्टी बदलत होते. साखरेच्या आजारानं दुसरा पाय आधीच नेला होता. एकाएकी ते म्हणाले, "परमाला बोलाव."

"कशाला? पुन्हा चारचौघांत पाणउतारा करायला?"

"बोलाव गं. चुकलं माझं. या वेळी करवंटी माझ्या हातानं देईन त्याला."

शिक्षकांच्या संपात तू एकटा शाळेत शिकवायला गेलास. कलावती इस्पितळात होती, पगार बुडून चालणार नव्हता, हे मला ठाऊक होतं. यांनाही होतं. तरी आमच्या मुनियाच्या लग्नात नंगोनाच्या मुळ्या पाण्यात कालवून करवंट्यांतून प्यायला वाटताना यांनी भरलेली करवंटी तुझ्यासमोरून पुढच्याला दिली. घ्यायला पुढे केलेले तुझे हात तसेच राहिले. "फितुराला पाणी पाजा, पाणी!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मी पुऱ्या तळत होते, तळतच राहिले.

त्यानंतर अकरा वर्षं तुझ्या दारात आले नाही. शिक्षक संघटनेच्या पुढाऱ्याची बायको फितुराकडे कशी जाणार? आई गेली तेव्हासुद्धा तुझ्याजवळ न बसता मागे बायकांत बसले. संघटनेच्या पत्रकांची पानं लावून लावून मी वाचायला शिकले. त्यांत एकजुटीवर पुष्कळ असायचं. भावाबद्दल काही नसायचं.

तर त्या सकाळी मी तुला फोन करायला दुकानात गेले. फोनला हात लावला नाही. साबणाची वडी घेतली आणि घरी येऊन सांगितलं, "नाही येत म्हणतो."

राग आला होता असं लिहिता आलं असतं. पण मी थकले होते, परमा. यांनी सांगितलं म्हणून अकरा वर्षं तोडायचं, आणि यांनीच सांगितलं म्हणून एका सकाळी जोडायचं.

ते एवढंच म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

नऊ दिवसांनी मास्टरजी गेले. अंत्ययात्रेच्या वेळी तू फाटकाबाहेर उभा होतास, मी पाहिलं. त्यांना तुझी माफी मागायची होती हे तुला कळलं नाही, आणि तू नाही म्हणालास असं धरून ते गेले. दोन्ही माझ्यामुळे. उत्तर लिहायचं की नाही ते तू ठरव.

मी खोटं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी त्यांची दाढी केली, नखं कापली.

सुखराजी