उडवलेलं पान

७ जुलै, सोमवार

कपाटातली सगळी पुस्तकं काढून बसले. तिसरीच्या वर्गाला शेवटच्या तासाला मोठ्यानं वाचून दाखवायला गोष्ट हवी. एकात आई तापानं जाते, दुसऱ्यात सावत्र येते, तिसऱ्यात तर पहिल्याच ओळीत पोरकं पोर! या लेखकांचं आयांनी काय घोडं मारलंय कोण जाणे.

पूर्वी हे लक्षातही आलं नव्हतं. आता पहिल्या बाकावर ताईची मिठू बसते. ताईला जाऊन दोन महिने होतील. भावजींनी केव्हाच दुसरं घर थाटलंय, म्हणून पोर माझ्याकडे. बडबडी म्हणून ताईनंच मिठू म्हणायला सुरुवात केली. आता विचारलं तेवढंच बोलते. अजून रडली नाही – एकदाही नाही.

८ जुलै

अस्वलाच्या पिल्लाची गोष्ट ठरली. आई मरते, पण एकाच पानावर. दोन पानं एकदम उलटायची, झालं!

१० जुलै

उडवलं पान! फक्त मागच्या बाकावरचा पोरगा, ज्याला सगळे भुंगा म्हणतात, तो म्हणाला, "बाई, मग त्याची आई कुठं गेली?" "मामाकडे," मी ठोकून दिलं. अस्वलाला मामा! वर्ग खूश. मिठू बाकावर बोटानं रेघा ओढत होती.

गृहपाठ दिला – ही गोष्ट घरी कुणाला तरी सांगा. दिला आणि जीभ चावली. मिठू कुणाला सांगणार? घरी मीच.

११ जुलै

काल संध्याकाळी भाजी निवडत होते. मिठू हात मागे बांधून समोर उभी. "बाई, गृहपाठ."

घरीसुद्धा बाई! शाळेत मावशी म्हणू नकोस, असं मीच बजावलं होतं. तेव्हापासून मावशी कायमचीच बंद झाली.

गोष्ट घडाघडा सांगितली. मध्येच म्हणाली, "मग त्याची आई मरते. मामाकडे नाही गेली ती. मी शाळा सुटल्यावर पुस्तक उघडून बघितलं." आणि तशीच पुढं गेली, पार शेवटपर्यंत. मग विचारलं, "बरोबर आहे का?"

बरोबर आहे म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझा शहाणपणा माझ्याच अंगाशी आला. न्हाणीघरात नळ सोडून रडले. ताई, मला नाही गं जमत हे.

१४ जुलै

मिठूचा दात पडला. मला सांगितलंच नाही. डबा घासायला काढला तेव्हा रुमालात गुंडाळलेला सापडला.

१५ जुलै

दप्तरं भरताना भुंग्यानं मला हाक मारली – "आई!" बाई म्हणायच्या ऐवजी. सगळा वर्ग खिदळला. तो कानापर्यंत लाल. "होतं असं, हसू नका रे," म्हटलं.

घरी चपला काढताना मिठू म्हणाली, "त्याला तुम्ही रागावला नाहीत."

"नाही गं. चुकून म्हणाला तो."

तिनं चपला जोडीनं लावल्या. मग –

"मी पण एकदा चुकून म्हणू?"